कागदावर मी अजून दिल्लीतच आहे

फेब्रुवारी २०११ मधली, जनगणनेच्या वेळची गोष्ट. लक्ष्मीनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत आम्ही तिघं राहायचो, एक दरभंग्याचा, एक गढवाली आणि मी. रविवार होता, कुणाचीच अंघोळ झालेली नव्हती, आणि दारात एक शाळेतल्या बाई उभ्या, हातात हे एवढे मोठे फॉर्म, जिना चढून चांगलीच धाप लागलेली. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग खुर्ची मागितली. खुर्ची नव्हतीच, मग गादीच्या काठावर बसून त्यांनी सुरू केलं, यहाँ कौन कौन रहता है. नाव, वय, लग्न, शिक्षण, जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होता, इथे का आलात. माणशी एकोणतीस प्रश्न होते. आम्ही तिघंही बॅचलर, त्यामुळे मुलाबाळांचे प्रश्न गाळून पटापट झालं.

मातृभाषेपाशी गाडी अडली. दरभंग्याचा म्हणाला, "हिंदी लिख दीजिए." मी म्हटलं अरे तू आईशी फोनवर हिंदीत बोलत नाहीस, मला सहा महिन्यांत एक वाक्य कळलेलं नाही. तर म्हणाला छोड ना यार, मॅडम को देर हो रही है. गढवाल्याने मात्र ताठ मानेने गढवाली सांगितलं आणि बाईंनी ते लिहून घेतलं. मला खूप नंतर कळलं की या दोघांच्या उत्तराचं पुढे काय होतं. मैथिली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत गेली, म्हणून जनगणनेत तिचा वेगळा आकडा येतो, पण ज्याच्याकडे ती होती त्याने सांगितलीच नाही. आणि गढवाली, कुमाऊनी, भोजपुरी, मगही, हरियाणवी या सगळ्या मातृभाषा शेवटी मोठ्या तक्त्यात हिंदीच्याच बेरजेत जातात. म्हणजे एकाने हिंदी सांगितलं म्हणून हिंदी, दुसऱ्याने नाही सांगितलं तरी हिंदी. दिल्लीत ८५ टक्क्यांच्या आसपास लोक हिंदी भाषक, असं जे आपण वाचतो ना, त्यात आमची ही खोली आहे.

तर बाईंनी सह्या घेतल्या आणि त्या पुढच्या मजल्यावर गेल्या. १ मार्च २०११ या तारखेचा दिल्लीचा अंतिम आकडा आला १,६७,८७,९४१. त्यातला शेवटचा एक मी, असं मी बरीच वर्षं गमतीने सांगायचो.

आता गंमत राहिलेली नाही. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे गेली, मग पुढे जातच राहिली, आणि आता मोजणीची तारीख १ मार्च २०२७ ठरलीये. म्हणजे सोळा वर्षं. या सोळा वर्षांत मी लक्ष्मीनगर सोडलं, मग दिल्लीच सोडली, मग तो सगळा इलाखाच सोडून महाराष्ट्रात परत आलो, पण देशाकडे दिल्लीचा जो पक्का, मोजलेला आकडा आहे त्यात मी अजून त्या गादीवर बसलेला आहे. त्या खोलीत माझ्यानंतर किती पोरं येऊन सीए होऊन गेली असतील (लक्ष्मीनगर म्हणजे सीएच्या क्लासेसचं गाव, भिंत दिसत नाही इतके बोर्ड), त्यातलं कागदावर कुणीच नाही, मीच आहे.

आणि हे फक्त भावनेचं नाही हो. रेशन घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कुठल्या राज्यात किती लोकांना धान्य मिळणार याचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर ठरला, दिल्लीला सुमारे ७३ लाख माणसांचा. शहर वाढलं, कोटा तिथेच. नवीन कार्डाला अर्ज केला की कोटा फुल्ल. म्हणजे २०१५ साली बिहारमधून आलेल्या एखाद्या बाईला धान्य नाही, कारण कागदावर ती अजून आलेलीच नाही, आणि मी गेलेलोच नाही. हे कळलं त्या दिवशी मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं, तसं माझ्याकडे दिल्लीचं रेशनकार्ड कधीच नव्हतं तरी.

दिल्लीत पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी लक्ष्मीनगरला नाही, चांदनी चौकात कूचा महाजनीला गेलो होतो, लांबच्या नात्यातल्या एका मामांकडे. आमच्याकडचे, म्हणजे विटा-खानापूर-आटपाडीकडचे, गलाईवाले देशभर पसरलेत हे सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको, सोनंचांदी गाळायची भट्टी जिथे जिथे आहे तिथे आपला माणूस सापडतोच. दुष्काळाने घराबाहेर काढलेली माणसं ही. मामांचं दुकान म्हणजे एक अरुंद जिना, वर दोन खोल्या, एकीत भट्टी आणि दुसरीत सहा जणांची झोपायची सोय. मला बघून म्हणाले, "आलास व्हय? जेवून घे आधी, मग दिल्ली बघ." भाकरी होती. चांदनी चौकात ज्वारीची भाकरी.

मामा तीसेक वर्षं तिथे होते. पण "कुठले तुम्ही" विचारलं की गावाचंच नाव सांगायचे, गावच्या यात्रेला दरवर्षी हजर, घर बांधलं तेही गावाकडे, वर गच्चीत पाण्याची टाकी विमानाच्या आकाराची. मी एकदा विचारलं मामा तुम्ही दिल्लीचे नाही का मग? तर म्हणाले, "दिल्लीचं कोण हाय इथं? ह्यो समोरचा पंजाबी, त्येचा बा लाहोरास्नं आला. खालचा पानवाला बनारसचा. पोलिस हरियाणाचा. आन मंत्री तर सगळ्या देशाचं."

तेव्हा हसलो होतो. नंतर मी आकडे बघायला लागलो (नोकरीच तशी होती, सर्व्हेची, एक्सेल शीटमध्ये डोकं घालून बसायचं) तेव्हा कळलं की मामांनी दिल्लीच्या लोकसंख्येचा शंभर वर्षांचा इतिहास चार वाक्यांत सांगितला होता.

१९११ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या होती ४ लाख १४ हजारच्या आसपास. त्याच वर्षी १२ डिसेंबरला दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायची घोषणा केली. म्हणजे मोजणी आधी झाली आणि राजधानी नंतर आली. मग रायसीना, मालचा अशी गावं उठवून नवी दिल्ली बांधायला घेतली (मालचा मार्ग नावाचा रस्ता अजून आहे, एकदम उच्चभ्रू, मालच्याची माणसं मात्र सोनीपतकडे गेली). १९३१ ला उद्घाटन झालं तेव्हा लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या थोडी पुढे. वीस वर्षांत दीडपट, काही फार नाही. १९४१ ला ९ लाख १८ हजार.

आणि १९५१ ला १७ लाख ४४ हजार.

हा आकडा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं टायपिंगची चूक आहे. दहा वर्षांत ९० टक्के वाढ. त्यानंतर किंवा त्याआधी दिल्लीच्या कुठल्याच जनगणनेत असं झालेलं नाही. फाळणी. जवळपास पाच लाख निर्वासित, म्हणजे १९५१ च्या दिल्लीत चारातला एक माणूस तरी पाकिस्तानातून घरदार सोडून आलेला. पुराना किल्ल्यात छावणी, हुमायूनच्या मकबऱ्यात छावणी, किंग्जवे कॅम्प. पण नुसती बेरीज बघितली की यातलं अर्धं दिसतच नाही, कारण बेरजेच्या आत वजाबाकी लपलेली आहे. १९४१ ला दिल्लीत तिघांत एक माणूस मुसलमान होता, १९५१ ला शंभरात सहासुद्धा राहिले नाहीत. गंमत नाही, गंमत हा शब्दच चुकीचा आहे, पण असं बघा की पुराना किल्ल्यात आधी दिल्ली सोडून जाणारे मुसलमान येऊन थांबले होते आणि नंतर त्याच किल्ल्यात तिकडून आलेले पंजाबी राहिले. त्याच भिंती. मी तिथे हिवाळ्यात मूंगफली खात कितीतरी वेळा बसलोय, तेव्हा हे माहीत नव्हतं ते बरंच झालं.

मग ज्या कॉलन्या झाल्या, लाजपतनगर, पटेलनगर, राजेंद्रनगर, पंजाबी बाग, त्यांनी दिल्लीचा तोंडवळाच बदलून टाकला. आपण ज्याला "टिपिकल दिल्लीवाला" म्हणतो ना, मोठ्याने बोलणारा, छोले-भटुरेवाला, तो दिल्लीत १९४७ नंतरचा. त्याच्या आधीचा दिल्लीवाला वेगळा, उर्दूतला, गल्ल्यांमधला. आणि पूर्व बंगालमधून आलेल्यांना जागा मिळाली ते चित्तरंजन पार्क, तिथे मासळी घ्यायला मी रविवारी मेट्रो बदलून जायचो.

खरं सांगायचं तर हे शहर पहिल्यांदा रिकामं झालं असंही नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर लोकांना तटबंदीच्या बाहेर हाकललं, हिंदूंना आधी परत येऊ दिलं आणि मुसलमानांना बराच काळ बाहेर ठेवलं. त्याच्याही मागे जायचं तर मुहम्मद तुघलक, १३२७. आपल्याला शाळेत वेडा मुहम्मद म्हणून शिकवलेला. दिल्लीची माणसं उचलून देवगिरीला आणली त्याने, नाव ठेवलं दौलताबाद. सगळीच्या सगळी दिल्ली आली नसेल, पण जे आले त्यातले बरेच परत गेले नाहीत. खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे ते बुऱ्हानुद्दीन गरीब दिल्लीहूनच आलेले, निजामुद्दीन औलियांचे शिष्य. त्या माणसांबरोबर आलेली बोली इथे राहिली, इथल्या मराठी-कानडी-तेलुगूत मुरली आणि तिची दखनी झाली. म्हणजे राजधानीची लोकसंख्या एकदा चक्क आपल्या दारात येऊन गेली आहे, आणि आपण मात्र कायम दिल्ली फार दूर म्हणत बसतो. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आमी दिल्लीला आलो त्यात काय नवल, फिट्टंफाट."

असो. १९५१ नंतरची दिल्ली म्हणजे नुसतं चढतं मीटर. १९६१ ला साडेसव्वीस लाख, मग चाळीस, मग बासष्ट, मग ९४ लाख, २००१ ला १ कोटी ३८ लाख. आता पंजाबातून नाही, पूर्वेकडून. यूपी पहिला, बिहार दुसरा. १९८२ च्या एशियाडसाठी स्टेडियमं आणि उड्डाणपूल बांधायला मजूर आणले आणि काम झाल्यावर ते परत जातील असं कुणाला वाटलं असेल तर त्या माणसाने आयुष्यात कधी पोट भरायला गाव सोडलं नसणार. त्याआधी आणीबाणीत झोपड्या पाडून लाखो लोकांना शहराच्या कडेला नेऊन टाकलं, त्रिलोकपुरी, कल्याणपुरी, खिचडीपूर, जहांगीरपुरी, मंगोलपुरी. पंचवीस चौरस यार्डाच्या आसपासचे प्लॉट. आज त्याच प्लॉटवर चार चार मजले चढलेत आणि प्रत्येक मजल्यावर एक कुटुंब, जिना इतका उभा की खाली बघून उतरायचं नाही.

मला कुणी दिल्ली दाखव म्हटलं तर मी लाल किल्ला दाखवत नाही, मी दोन आकडे दाखवतो. २०११ ला उत्तर-पूर्व जिल्ह्यात, म्हणजे सीलमपूर-मुस्तफाबादच्या बाजूला, एका चौरस किलोमीटरमध्ये ३६,१५५ माणसं. नवी दिल्ली जिल्ह्यात ४,०५७. एकाच शहरात, यमुनेच्या दोन बाजूंना, नऊपट फरक. आणि नवी दिल्ली जिल्ह्याची लोकसंख्या होती फक्त १ लाख ४२ हजार, आधीच्या दहा वर्षांत वीस टक्क्यांनी कमी झालेली! देशाची राजधानी म्हणून जगाला जे नाव माहीत आहे तिथे माणसं कमी होत होती. झुग्ग्या हटवल्या, त्यातली माणसं बवाना-होलंबीसारख्या टोकाला पाठवली, की उरतात बंगले, कडुनिंबाची झाडं आणि गार्ड. तो गार्ड रात्री ड्यूटी तिथे करतो आणि झोपायला दिवसा नदीपलीकडे जातो. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, राबतो तिथे नाही, त्यामुळे नवी दिल्लीच्या आकड्यात तो नाहीच.

कुठे राहता हाच जर प्रश्न असेल तर ज्यांना उत्तर नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी वेगळी एक रात्र ठेवतात. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री प्रगणक फुटपाथ, उड्डाणपुलाखाली, स्टेशनबाहेर फिरून मोजत होते. दिल्लीत बेघर निघाले सुमारे ४७ हजार. रस्त्यावरच्या लोकांमध्ये काम करणारे म्हणतात हा आकडा फार कमी आहे, आणि मला ते पटतं, कारण मी आसफ अली रोडच्या डिव्हायडरवर हिवाळ्यात झोपलेली रांग पाहिली आहे, तिथे रझईखाली एक डोकं आहे की दोन हे बघायला रझई उचलावी लागेल, आणि ती कोण उचलणार.

पोरीबाळींचा आकडा तर सांगायलाच हवा. २०११ ला हजार पुरुषांमागे ८६८ बायका. हे अर्धं त्या आमच्यासारख्या खोल्यांमुळे, एका गादीवर तीन बाप्ये आणि बायका गावाकडे. आमच्या पूर्ण बिल्डिंगमध्ये मला आठवतंय त्याप्रमाणे घरमालकीण आणि तिच्या दोन सुना सोडल्या तर बाई नव्हती. पण अर्धंच. कारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्येही हजार मुलग्यांमागे ८७१ मुली, आणि सहा वर्षांचं पोर काही कामधंद्यासाठी बिहारमधून एकटं येत नाही. ते इथेच झालेलं असतं, किंवा होऊ दिलेलं नसतं. शिकलेलं शहर आहे हो, साक्षरता ८६ टक्के.

२०११ मध्ये सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आधीच्या दशकात ४७ टक्क्यांनी वाढलेलं शहर यावेळी फक्त २१ टक्क्यांनी वाढलं. दिल्ली थकली की काय? थकली नव्हती, सांडली होती. त्याच दहा वर्षांत गुडगाव जिल्हा ७३ टक्क्यांनी वाढला, नोएडाचा जिल्हाही दिल्लीपेक्षा कितीतरी जास्त. मीही सांडलोच की. २०१४ ला पगार थोडा वाढला, लग्न ठरलं, लक्ष्मीनगरच्या खोलीत बायकोला आणणं शक्य नव्हतं, मग वैशालीला फ्लॅट भाड्याने घेतला. मेट्रोने काही स्टेशनं पुढे, बस. ऑफिस दिल्लीत, डॉक्टर दिल्लीत, भाजीसुद्धा दिल्लीतल्या गाझीपूर मंडीतून, पण राज्य बदललं, मी उत्तर प्रदेशचा झालो. रोज सकाळी मी दिल्लीची लोकसंख्या एकाने वाढवायचो आणि संध्याकाळी कमी करायचो.

म्हणून ते "जगातलं सर्वात मोठं शहर" वगैरे बातम्या आल्या की मला हसू येतं. २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात होतं की २०२८ च्या सुमारास दिल्ली टोकियोला मागे टाकणार. सगळीकडे छापून आलं. २०२५ च्या अहवालात बघतो तर पहिलं जकार्ता, जवळपास ४ कोटी २० लाख, दुसरं ढाका, आणि दिल्ली ३ कोटींच्या आसपास चौथी. लोक पळून गेले का? नाही, शहर कुठे संपतं ती रेघ मारायची पद्धत बदलली. पहिल्या दोन्ही राजधान्याच, आणि इंडोनेशियावाले तर जकार्ताला कंटाळून बोर्निओत नवी राजधानीच बांधायला निघालेत. तुघलक सगळीकडे असतात.

पण लोकसंख्या म्हणजे काय हे मला एक्सेल शीटमध्ये नाही दिसलं, ते दिसलं २८ मार्च २०२० ला. लॉकडाऊनचा चौथा दिवस. वैशालीच्या आमच्या सोसायटीच्या गेटवर दूध घ्यायला गेलो तर रस्त्याने माणसं चाललेली, आनंद विहार आणि कौशांबीच्या बस डेपोकडे. डोक्यावर बॅगा, बादल्या, एकाच्या खांद्यावर पोरगं आणि हातात टेबलफॅन. संपतच नव्हती रांग. मी इतकी वर्षं तिथे राहत होतो, मला वाटायचं मला माहितीये किती लोक आहेत ते. ही सगळी माणसं आतापर्यंत कुठे होती? आमच्याच सोसायटीच्या प्लास्टरमध्ये, पाण्याच्या टँकरवर, ढाब्याच्या मागच्या बाजूला. राहत असताना दिसली नाहीत, निघाली तेव्हा दिसली. गेटवरचा गार्ड म्हणाला साहब पूरा बिहार जा रहा है, आणि दोन दिवसांनी तोही दिसला नाही.

पुढच्या वर्षी मीही निघालो. माझ्याकडे टेम्पो होता, सामानाची यादी होती, बायको-मुलगी विमानाने गेल्या. तुलना करायची नाही, मी करत नाही.

हल्ली दरभंग्याच्या मित्राशी फोनवर बोलणं होतं. त्याने बुराडीच्या एका कच्च्या कॉलनीत पन्नास यार्डावर दोन मजले बांधलेत. कच्ची म्हणजे घर कच्चं नाही हं, घर आरसीसी आहे, कागद कच्चे आहेत. २०१९ ला सरकारने अशा १,७३१ कॉलन्यांना मालकी हक्क द्यायची योजना काढली, ४० लाख लोकांचा प्रश्न, त्यात याची कॉलनी आहे म्हणतो, कागद अजून यायचाय. छटपूजेला आता गावी जात नाही, घराजवळच्या घाटावरच करतात. ज्या पोराला आम्ही "परदेसी" म्हणून चिडवायचो तो आता गल्लीत नव्याने आलेल्या भाडेकरूंना "बाहर के लोग" म्हणतो, मी त्याला हे बोलून दाखवलं तर जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला किराया तो टाइम पे देना चाहिए ना.

परवा मी त्याला नवीन जनगणनेचं सांगत होतो, की आता मोबाइलवर होणार, स्वतःची माहिती स्वतः भरता येणार, जातही विचारणार. मी माझ्या फॉर्ममध्ये याआधीच्या वास्तव्याच्या रकान्यात काय लिहू, दिल्ली की उत्तर प्रदेश, यावर आमचा थोडा वाद झाला. नियमाने यूपी. तो म्हणाला दिल्ली लिख, कौन देखता है. मग मी विचारलं, तू यावेळी मातृभाषा काय सांगणार?

"इस बार मैथिली," म्हणाला. लगेच, विचार न करता.

आणि मुलीची?

मुलगी आठ वर्षांची, बुराडीतच जन्मलेली. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या माणसाशी ज्या भाषेत बोलते ती. मी त्याला ते समजावलं. म्हणाला, माँ तो मैथिली में ही बोलती है, पर ये जवाब हिंदी में देती है, डाँटो तो इंग्लिश में. मागून त्या मुलीचा आवाज येत होता, पापा किससे बात कर रहे हो.

"देखेंगे," म्हणाला, "मास्टरनी आएगी तब. अब कुर्सी है अपने पास."